दाजींचा ठेका

जगातली प्रत्येक वस्तू मुळात वाजवण्यासाठी निर्माण झाली आणि तिचे बाकीचे उपयोग माणसांनी सवडीने शोधून काढले, असं मनापासून मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला. बघण्याच्या कार्यक्रमातच त्याची चुणूक दिसली होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी पोह्यांच्या बशा फिरत होत्या, वडीलधारी माणसं नोकरी, शेती, भाऊबंद अशी चौकशी करत होती आणि नवरामुलगा मान खाली घालून समोरच्या स्टीलच्या तांब्यावर दोन बोटांनी अगदी हलकेच काहीतरी वाजवत होता. माझ्या वडिलांना वाटलं, लाजतोय. ते म्हणाले, "पाणी पायजे काय पावणं?" त्यावर दाजी दचकून म्हणाले, "न्हाय ओ. तांब्या लई चांगला बोलतोय तुमचा." आतल्या खोलीत बसलेल्या आक्काने हे ऐकलं आणि तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. पुढे संसारात ती वैतागली की मी तिला विचारायची, का केलंस असल्या माणसाशी लग्न? तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "बाकीचे आलेले सगळे पगार सांगत होते. ह्यानं तांब्याचं कौतुक केलं. मी म्हटलो, हा घरातल्या कुणालाच रिकामं समजणार न्हाय." आमच्याकडच्या बायका बोलताना 'आलो-गेलो'च म्हणतात, त्यात आक्का तर जरा जास्तच.

दाजी पेशाने ड्रमवाले. कोल्हापुरात ऑर्केस्ट्रांची चलती होती तेव्हा ते गणपतीच्या मांडवांपासून बाबासाहेबांच्या जयंतीच्या गायनपार्ट्यांपर्यंत सगळीकडे वाजवत फिरले, आणि पुढे तयार गाण्यांचे स्पीकर आल्यावर उचगावातल्या घराच्या माडीवर पत्र्याची खोली काढून त्यांनी तिथे क्लास सुरू केला. खोलीत मधोमध तो पसारा मांडलेला : पायाने वाजवायचा मोठा ढोल, गुडघ्यांमधला खणखणीत स्नेअर, समोर दोन मधले ढोल आणि दांड्यांवर टांगलेल्या पितळी थाळ्या. या थाळ्यांना जग सिंबल म्हणतं, दाजी ताटं म्हणत. "मोठं ताट दे गं जरा तिकडं सरकवून," असं ते वरून ओरडले की आक्का खालून विचारायची, "जेवायचं का वाजवायचं?"

त्यांच्याकडे कॉलेजची पोरं यायची, एक रिक्षावाला यायचा, एक दातांचे डॉक्टर यायचे. आणि माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली, घरात एवढी शांतता झाली की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा चाळिशी उलटल्यावर मीही जायला लागले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी कामाला आहे. आयुष्यात कधी टाळीसुद्धा ठेक्यात वाजवली नव्हती. दाजींना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. "लई भारी! बिघडलेला हात सुधारायला दोन वर्षं जात्यात. तुझा कोराच हाय."

पहिल्या दिवशी त्यांनी मला काठ्यांना हात लावू दिला नाही. पूर्ण तास स्टुलात गेला. वर घे, खाली घे, पुढे सरक, पाठ सोड. शेवटी ते म्हणाले, "मांडी गुडघ्याकडं जरा उतरती पायजे. मांडीवर पाणी सांडलं तर गुडघ्याकडं पळायला पायजे, पोटाकडं न्हवं." मग खरंच तांब्यातलं पाणी ओतून बघितलं. मी ओली साडी सावरत खाली आले तर आक्का म्हणाली, "झालं स्टूल? माझं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी झालतं."

दुसरा धडा भाकरीचा. काठी कशी धरायची हे दाजी काठी दाखवून शिकवत नसत, विद्यार्थ्याला घेऊन स्वयंपाकघरात येत आणि आक्काला म्हणत, "जरा थाप की." आक्का कपाळाला हात लावून परातीत पीठ घ्यायची आणि आम्ही गोल करून उभे राहायचो, दातांचे डॉक्टरसुद्धा. "बघा, खांदा हलतोय का? न्हाय. कोपर? जरासं. सगळं काम मनगटाचं. आणि बोटं बघा, गच्च हायत का? गच्च बोटांनी थापली तर भाकरीला भोक पडंल. काठी अशी धरायची. खांद्यातनं बडवणारा तासाभरात दमतोय, मनगटातनं वाजवणारा वरात संपली तरी ताजा." एका नव्या पोराने विचारलं, "सर, यूट्यूबवर तर वेगळंच दाखवत्यात." दाजी शांतपणे म्हणाले, "यूट्यूबवर भाकरी मिळती का?" त्या दिवशी सगळ्यांना तिथेच गरम भाकरी आणि ठेचा मिळाला, त्यामुळे वाद पुढे गेला नाही.

मग उशी. पहिले कित्येक दिवस घरी उशीवरच वाजवायचं, हा दाजींचा दंडक. "ड्रम काठीला परत वर फेकतोय. उशी परत काय देत न्हाय. सगळं तुझं तुलाच उचलायला लागतंय. उशीवर हात बसला की ड्रम म्हंजे माहेर." मी एवढी नेटाने वाजवत राहिले की उशी फाटली आणि सकाळी आमच्या ह्यांच्या मिशीवर कापूस सापडला. हळू वाजवण्याबाबत तर ते अगदी निर्दयी. जरा वेग वाढवला की काठी काढून घेत. "पयल्या गिअरमधी गाडी चालवता येत न्हाय आणि म्हणं घाट उतरतो! हळू वाजवताना दोन ठोक्यांच्या मधी जी मोकळी जागा असती न्हवं, तिथं सगळे घाबरत्यात. तिथं बसायला शीक." शिवाय तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजायचं, मोठ्याने, लाज न बाळगता. ही सवय मला इतकी लागली की कारखान्यात नट-बोल्टांच्या कपाटासमोर उभी राहून मी मोजत असायची. आमचे साहेब हे बरेच दिवस कौतुकाने बघत होते, त्यांना वाटायचं मी साठा तपासतेय. एक दिवस मात्र जवळ येऊन काळजीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही चाराच्या पुढं कधीच का जात नाही?"

शेजारी एक दूधवाले पाटील होते. त्यांच्या गोठ्यात एक म्हैस होती आणि माडीवर ड्रम सुरू झाला की ती पान्हा चोरते, अशी त्यांची तक्रार. पाटील जिन्याखाली उभे राहून ओरडले, "ओ मास्तर, तुमच्या ह्या दणदणीनं म्हस आटली की माझी!" दुसरा कुणी असता तर भांडला असता. दाजी मात्र धार काढायच्या वेळी गोठ्यात जाऊन बसले, म्हशीचं रवंथ कोणत्या लयीत चालतं ते बघून आले आणि त्या दिवसापासून संध्याकाळच्या बॅचला त्याच लयीत वाजवायला लावलं. म्हैस इतकी सरावली की लग्नसराईत दाजी बाहेरगावी गेले, तेव्हा तिने लाथ मारून बादली सांडली. पाटील पुन्हा जिन्याखाली. "वैनी, मास्तर कवा येणार? ही उभीच ऱ्हायना!"

पण या सगळ्या करामतींच्या तळाशी त्यांचा एकच खरा उपदेश होता, आणि तो ते हसण्यावारी नेऊ देत नसत. "आपलं काम बडवायचं न्हाय, गाणाऱ्याला सांभाळायचं हाय. ड्रमवाला म्हंजे यष्टीचा ड्रायव्हर. उतरताना पॅसेंजरला ड्रायव्हर आठवला न्हाय, म्हंजे प्रवास झकास झाला." विद्यार्थ्यांना वाजवताना कानात बोळे घालायची सक्ती होती, न घातलेल्याला ते जिन्यावरूनच परत पाठवत. स्वतः मात्र कधीच घालत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "माझं कान कोल्हापुरी पायताणावानी हायत. वापरून वापरून मऊ झाल्यात, आता त्यांना काय होत न्हाय."

मी ऐकलेलं त्यांचं हे एकमेव चुकीचं विधान असेल.

उचगावातच जयंतीच्या आदल्या संध्याकाळी गायनपार्टी होती. पार्टीच्या गायिकेला सगळे नुसतंच बाई म्हणतात. दाजींनी उमेदीची सगळी वर्षं तिच्यामागे वाजवलेलं. दोघांना एकमेकांकडे बघावंही लागत नसे. बाबासाहेबांवरचं एक गाणं बाई नेहमी शेवटी म्हणते. त्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात, बाईचा एकटीचा आवाज वर चढत जातो, आणि ती खाली उतरली की ड्रम पुन्हा उचलून धरतो. त्या संध्याकाळी बाकीचे थांबले. दाजी थांबले नाहीत. डोळे मिटून, तल्लीन होऊन वाजवत राहिले. बाईने मागे वळून बघितलं, पेटीवाल्याने हात केला. समोर पोरं हसायला लागली. अखेर ढोलकीवाल्याने त्यांच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा दाजींनी डोळे उघडले, क्षणभर सगळ्यांकडे बघितलं, मग काठ्या उंच धरून मुजरा केला, जणू मुद्दामच गंमत केली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी पहिल्या रांगेत होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो गंमत केलेल्या माणसाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लास बंद. ड्रमच्या सेटवर गोधडी पडली. कुणी विचारलं की दाजी सांगत, "खांदा धरलाय." महिना गेला तरी खांदा सुटेना. मग एका रविवारी मी गेले तेव्हा आक्का मागल्या दारी तांदूळ निवडत बसली होती. खालच्या आवाजात तिने सांगितलं, "खांद्याला काय झालेलं न्हाय. त्यांना ऐकू येत न्हाय."

"काहीच?"

"ढोल येतोय. ट्रक येतोय. पाटलाची म्हस येती. कुकरची शिट्टी येत न्हाय, चिमण्या येत न्हाईत, आणि मी येत न्हाय." ती सुपातला एक खडा कितीतरी वेळ शोधत राहिली. "मी आधी समजलो, कशाचा तरी राग आलाय. मी बोलतो, हे उत्तरच देत न्हाईत. मग मी पण रुसलो. दोन महिने रुसलो की गं मी, आणि ह्या माणसाला त्याचा पत्तासुद्धा न्हाय."

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता आक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरकडे जायला दाजी तयार नव्हते. ड्रमवाल्याच्या कानात मशीन म्हणजे पैलवानाच्या हातात काठी, असं त्यांचं म्हणणं. मला काय करावं सुचेना, म्हणून जे येत होतं ते केलं. वर गेले, गोधडी काढली आणि वाजवायला बसले. एकटीच वाजवत होते, त्यामुळे वेग वाढत गेला असणार. थोड्या वेळाने दार उघडलं. दाजी लुंगी सावरत उभे.

"पाय घाई करतोय तुझा."

मी काठ्या थांबवून त्यांच्याकडे वळले आणि ओठ नीट दिसतील असं म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"खाली मांडणीवरची भांडी थरथरत्यात. फरशीतनं पायाला लागतंय." मग ते माझ्यासमोर पाट घेऊन बसले आणि मोठ्या ढोलाच्या अंगावर तळहात ठेवला, एखाद्याला ताप आहे का बघावं तसा. "चालू दे."

तेव्हापासून आमचा क्लास पुन्हा सुरू झाला. विद्यार्थी मी एकटीच. ते ढोलावर हात ठेवून बसायचे आणि माझ्या मनगटांकडे बघत राहायचे. चूक त्यांना पूर्वीपेक्षा लवकर दिसायची. स्नेअरवरचा ठोका काठीच्या टोकाने पडला की मधल्या भागाने, हे ते माझ्या कोपरावरून सांगायचे. आधी बडबड करत शिकवणारा माणूस आता फार कमी बोलायचा, कारण आपला आवाज किती मोठा होतोय याचा त्यांना अंदाज येत नसे आणि त्याची त्यांना लाज वाटे.

पावसाळा सरला तसा बाईचा निरोप नाही, बाई स्वतःच आली. तिला बाकीचे वाजवणारे मिळत होते, ड्रमवाला पटत नव्हता. "सगळे माझ्या पुढं पळत्यात," ती आक्काला म्हणाली. दाजींनी तिचं बोलणं ओठांवरून निम्मं ओळखलं, निम्मं आक्काने त्यांच्या तळहातावर बोटाने गिरवून सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही वाजवंल."

मी म्हटलं, "दाजी, येडं लागलंय काय तुम्हाला?" ते मात्र दुसरीकडे बघत होते. बहिरेपणाचा सोयीस्कर वापर करायला ते एव्हाना शिकले होते.

कार्यक्रम गावातल्याच समाजमंदिरात. मी ऑफिसची साडी नेसून गेले, कारण नवीन साडीचा पदर काठीत अडकेल असं दाजींचं मत. माझ्या मागे खुर्ची टाकून ते बसले आणि माझ्या पाठीवर तळहात टेकवला. पहिलं गाणं कसंबसं गेलं. दुसऱ्यात हात गार पडले आणि गार हात नेहमी पळतात. पाठीवरचा तळहात जड झाला. मग त्यांची बोटं माझ्या पाठीच्या मणक्यावर चालायला लागली, एक, दोन, तीन, चार, बाळाला निजवताना थोपटतात तशी, आणि माझे हात आपोआप त्या बोटांमागे चालायला लागले. शेवटी ते गाणं आलं. थांबायची जागा आली. आम्ही सगळे थांबलो. बाईचा एकटीचा आवाज वर चढत गेला, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बसायला शीक म्हणजे काय. बाई खाली उतरली, मी ढोल उचलून धरला आणि पाठीवरची बोटं थबकली.

गाणं संपल्यावर दाजींनी माझ्या कानाशी येऊन, सगळ्या समाजमंदिराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "त्या जागी नीट थांबलीस का?"

मी मान हलवली.

"टाळ्या पडल्या?"

पडत होत्या. अजून पडत होत्या. समोर शंभर हात वाजत होते आणि ते हातांकडे बघून विचारत होते. मी पुन्हा मान हलवली. दाजी खुर्चीत मागे टेकले. "तुझ्या पयल्या टाळ्या, आणि मला ऐकू आल्या न्हाईत बघ," एवढंच म्हणाले. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पाऊस पडून गेला आणि आपण झोपलो होतो, असं कुणी सांगावं तसं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आक्काला म्हणाले, "चल, कानाच्या डॉक्टरकडं."

मशीन बसवून घरी आले ती दुपार आक्का अजून सांगते. दाजी उंबऱ्यात थबकले. कुकरची शिट्टी ऐकून दचकले. नळाखालच्या बादलीपाशी जाऊन उभे राहिले. आक्का म्हणाली, "हात धुवा, वाढतो." तर ते तिच्याकडे टक लावून बघायला लागले. "तुझा आवाज आसा हाय व्हय? मी इसरूनच गेलतो की गं." आक्का म्हणाली, "एवढ्या वर्षांत कधी नीट ऐकलाय काय!" आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्यानंतर म्हणे ती सलग आठवडाभर बोलत होती, आणि दाजी मधेमधे "व्हय, व्हय" म्हणत समोर बसून ऐकत होते. शेजारच्या पाटलांनी चौकशी केली, घरात कुणी पाहुणे आलेत काय.

पण मशीनमधून ड्रम मात्र पत्र्याचा डबा बडवल्यासारखा ऐकू येतो. म्हणून दाजी खाली मशीन घालतात आणि जिना चढताना काढून खिशात ठेवतात. क्लास पुन्हा भरतो. विद्यार्थ्यांची रांग लावून ते आधी प्रत्येकाचे कान तपासतात, शाळेत नखं तपासावी तसे, आणि स्वतःच्या कानाकडे बोट करून म्हणतात, "मी शाना न्हवतो. तुमी व्हा." बाईच्या पार्टीत मी वाजवते. बाई म्हणते की मी अजून थोडी पुढे पळते, पण आता ऐकते.

गेल्या रविवारी गेले तर माडीवर नवं ताट टांगलेलं. पातळ, रुंद, कडेला काळसर झाक असलेलं. दाजी त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते. मी खुणेनेच विचारलं, हे कशाला? ते जरा ओशाळून हसले. "लई दिवस मनात हुतं. पूर्वी परवडायचं न्हाय." मग काठी माझ्या हातात दिली. "एकदाच मार. कडेवर, हळू. आणि मग हात वर धर. आवाज हाय तवर वर. संपला की खाली घे. मला बघायचंय किती ऱ्हातोय ते."

मी मारलं. इतका सुंदर आवाज त्या पत्र्याच्या खोलीत कधी ऐकला नव्हता. आधी उजळ, मग मधासारखा दाट, मग दूरच्या दुधाच्या गाडीसारखा विरत विरत जाणारा. मी उजवा हात वर धरून उभी राहिले. दाजी ताटाकडे बघत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते, तोंड किंचित उघडं ठेवून, अगदी ऐकल्यासारखे. खाली आक्का भांडी लावत होती. पाटलांच्या गोठ्यात कुणीतरी हाक मारली. ताटाची कड हलायची थांबली, आवाज संपला.

दाजींच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. मी हात खाली घेतला नाही.